शर्यतीला आडवी आलेली सासुरवाडी

रस्त्याने एकटा पळणारा माणूस दिसला की त्या काळी नगर जिल्ह्यात लोक पहिला प्रश्न विचारत, कोण वारलं? मी पहाटे भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याने पळायला जात असे. दूधवाले सायकल थांबवून म्हणत, "बसा मागं, सोडतो." मी नको म्हटलं की बातमी फारच वाईट असावी, असा त्यांचा समज होई. लष्करातले जवान पळतात हे सर्वांना माहीत होतं, पण ते तुकडीने पळत आणि त्यांना पळण्याचा पगार मिळे. वर्तमानपत्राच्या कचेरीत तालुक्यांच्या बातम्या नीट करणारा, तिशी गाठलेला माणूस अर्ध्या चड्डीवर का पळतो, याचं उत्तर मलाही नीट देता येत नसे.

रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती वर्षातून दोन-तीनच होत. कोल्हारच्या बाजूला एकदा आम्ही उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढत पळालो. एका गाडीवानाने बैलांना चाबूक दाखवून माझ्याशी चढाओढ लावली आणि बराच वेळ माझ्या पुढे राहिला. एका यात्रेत सगळे अनवाणी पळत होते. बूट घातलेला मी एकटाच, म्हणून प्रेक्षकांनी शेवटपर्यंत माझी टर उडवली. या शर्यतींत हरलं काय, जिंकलं काय, फारसा फरक पडत नसे. फरक पडे तो जिल्ह्याच्या शर्यतीत. तिच्यातले पहिले तिघे राज्याच्या शर्यतीला जात. मी लागोपाठ दोन वर्षं चौथा आलो होतो. चौथ्याशी पंच हस्तांदोलन करत आणि पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा देत. संपादकांनी बजावलं होतं, यंदाची रविवारची सुट्टी शेवटची. त्यामुळे मला तिसरा नंबर हवा होता. पहिला-दुसरा माझ्या आवाक्यात नाही, हे मला ठाऊक होतं.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. जानेवारी असूनही शिवारात हिरवं काही नव्हतं. शर्यत पाथर्डीहून निघणार, तिसगाववरून करंजीचा घाट चढणार आणि घाटमाथ्यावर संपणार असं ठरलं. मार्ग ऐकला आणि मी अस्वस्थ झालो. तिसगाव सोडल्यावर घाटाच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून माझी सासुरवाडी होती. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

तिसगावच्या बाजारात मेहुणा भेटला तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. शर्यत गावावरून जाणार आहे आणि मी थांबणार नाही. त्याने दोन्ही गोष्टी घरी जशाच्या तशा सांगितल्या. चूक त्याची नव्हती. आमच्याकडे जावई नेहमीच 'थांबत नाही' म्हणतो. तो नको म्हणतो, सासरा आग्रह करतो, तो पुन्हा नको म्हणतो आणि मग पाटावर बसतो. सासऱ्यांनी माझा निरोप त्याच रिवाजाने घेतला. माझी बायको नगरला होती. ती म्हणाली, "तुम्ही थांबणार नाही म्हणालात ना? मग बाबा आता नक्कीच तयारी करतील."

आम्ही तीस-पस्तीस जण सुटलो. पंचांकडे एकच जीप होती. ती सुरुवातीला थोडी बरोबर राहिली आणि मग शेवटाची दोरी बांधायला घाटमाथ्यावर निघून गेली. मागून एक ट्रक थकलेल्यांना गोळा करत येत होता. मधल्या रस्त्यावर पाहायला कोणी नव्हतं.

तिसगाव ओलांडलं तेव्हा माझ्या पुढे तिघे होते. पहिला नगरच्या छावणीतला एक हवालदार. त्याच्या पळण्यात कसलीच घाई दिसत नसे आणि तो कधी मागे पडत नसे. दुसरा कॉलेजातला एक पोरगेला धावपटू. तिसरे शेवगावकडचे एक कवायतीचे मास्तर. मागच्या वर्षी मला चौथं ठेवणारे तेच होते. त्यांची पाठ मला चांगली पाठ झाली होती. डावा खांदा जरा उतरलेला, मानेवर रुमाल. मी ठरवलं होतं, घाटापर्यंत ही पाठ नजरेआड होऊ द्यायची नाही आणि जे करायचं ते चढावर.

पुढे रस्ता रुंद करण्याचं दुष्काळी काम चालू होतं. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग होते आणि बायका-माणसं खडी फोडत बसली होती. रस्त्यावर सुटी खडी पसरली होती. कॅनव्हासच्या बुटातून एकेक दगड तळव्याला कळत होता. हातोडे थांबवून लोक पाहत होते. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आरं, पळायचं काम बी निघालं का? त्येची हजेरी कुठं लावत्यात?" सगळे हसले. मी मान खाली घालून खडी चुकवत राहिलो. वर पाहिलं तेव्हा मास्तरांची पाठ दिसत नव्हती.

वळणामागे सासुरवाडी होती. मी वेग वाढवला. वळण घेतलं आणि समोर रस्त्यात आडवी लावलेली बैलगाडी दिसली. गाडीच्या अलीकडे निम्मं गाव उभं होतं. मध्ये घोंगडी अंथरली होती. घोंगडीवर हवालदार, पोरगा आणि मास्तर असे तिघे बसले होते आणि माझे दोन चुलत मेहुणे त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून उभे होते.

पळणाऱ्या माणसाला अशा वेळी विचार करायला फार अवधी नसतो. पहिल्या क्षणी मला एवढंच दिसलं की गाडीच्या डाव्या अंगाने एक माणूस जाईल एवढी फट आहे, आणि माझ्या पुढचे तिघेही खाली बसलेले आहेत.

"आलं, आलं! जावईबापू आलं!" कोणीतरी ओरडलं.

हवालदार उठू पाहत होता. "हाच का जावई?" तो माझ्यावर खेकसला. "अहो, बसा लवकर! तुमच्यापायी आम्हाला सोडत नाहीत."

प्रकार असा होता. नव्या जावयाबरोबर आलेली माणसं सासऱ्यांच्या हिशेबी जावयाचीच मंडळी. त्यांना दारावरून कोरडं कसं जाऊ द्यायचं? आणि पहिला मान जावयाचा. तो झाल्याशिवाय इतरांना पाणी द्यायचं नाही. म्हणून पुढे आलेल्या तिघांना धरून, बसवून, मागून येणाऱ्या जावयाची वाट पाहणं चाललं होतं. त्यांनी सुटण्याची धडपड केली, पण तीही आग्रहाच्या रिवाजात बसणारीच होती.

"मामा, ही शर्यत आहे," मी म्हणालो. "सोडा यांना. मलाही जाऊ द्या."

"जा की. कोन धरून ठिवतंय?" सासरे म्हणाले. "पाय धुवायचं आन जायचं. किती येळ लागतोय?"

त्यांच्या पायाशी पितळी परात होती आणि शेजारी भरलेली कळशी. गावची विहीर दिवाळीलाच आटली होती. पाण्याचा टँकर दिवसाआड येत होता, तोही आला तर. ती कळशी घरातल्या कोणाच्या तरी वाट्याची होती. सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत कुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. भोवती भावकी होती. लग्नात ज्यांनी 'शहरातला जावई टिकतोय का बघा' म्हटलं होतं, तेही पुढेच उभे होते.

मागे पाहिलं. वळणापर्यंतचा रस्ता मोकळा होता, पण फार वेळ तो मोकळा राहणार नव्हता.

मी परातीत उभा राहिलो. बूट काढायला वेळ नव्हता. सासऱ्यांनी बुटांवरूनच पाणी घातलं. सासूबाईंनी कुंकू लावलं. त्याच क्षणी मेहुण्यांनी तिघांच्या ओंजळीत गूळ दिला, तांब्यातलं पाणी दिलं आणि गाडी बाजूला ओढली. हवालदार उठला तो थेट धावतच सुटला. पोरगा त्याच्यामागे. मास्तर जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, "सासरवाडी बरी उपयोगी पडली तुम्हाला." मीही निघालो तर सासऱ्यांनी दंड धरला.

"टोपी ऱ्हायली."

पाहुणे आधी जातात आणि जावई शेवटी, वडीलधाऱ्यांना नमस्कार करून, हे मी विसरलो होतो. टोपी घातली गेली, उपरणं खांद्यावर आलं. मी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, सासऱ्यांना केला, आणखी कोण्या चुलत्यांना केला. वाकताना बुटातलं पाणी पचपचत होतं. मान वर केली तेव्हा मास्तर घाटाच्या पहिल्या चढाला लागले होते.

टोपी आणि उपरणं मेहुण्याच्या अंगावर टाकून मी पळत सुटलो. "दाजी, हाना!" तो मागून ओरडला. त्याला तरी काहीतरी कळलं होतं.

करंजीचा घाट बसमधून फार मोठा वाटत नाही. पायांना तो वेगळा वाटतो. पहिल्या वळणापर्यंत माझे ओले बूट टाचेला घासायला लागले. दुसऱ्या वळणावर मी थांबून ते काढले आणि हातात घेतले. मग वाटलं, हातात कशाला, आणि कठड्यावर ठेवून दिले. रस्ता ऊन धरू लागला होता. मास्तर एका वळणावर दिसत आणि पुढच्या वळणावर नाहीसे होत. दर वेळी ते थोडे जवळ आलेले असत. त्यांच्या पळण्याची लय बिघडली होती. बसवून ठेवल्यामुळे त्यांच्या पोटऱ्या आखडल्या असाव्यात. मला जो थोडा फायदा मिळत होता, तो त्या घोंगडीचा होता. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण पायांचा वेग त्याने कमी झाला नाही.

माथ्यावरची दोरी दिसली तेव्हा आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. मास्तर तोंडाने श्वास ओढत होते. मीही. शेवटच्या सपाटीवर मी हातभर पुढे गेलो आणि तसाच दोरीपलीकडे जाऊन पडलो.

"तिसरा," पंच म्हणाले.

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी तक्रार केली. यांच्या सासऱ्यांनी रस्ता अडवला, आम्हाला बसवून ठेवलं, म्हणून हे मला गाठू शकले. प्रत्येक शब्द खरा होता.

पंच तिघे होते. त्यांनी मला विचारलं, "ती माणसं तुमची?"

"हो."

"तुम्ही सांगून ठेवलं होतं?"

"थांबणार नाही, असं सांगून ठेवलं होतं."

हवालदार पहिला आला होता आणि निवांतपणे घाम पुसत होता. तो म्हणाला, "साहेब, सर्वांत शेवटी हाच सुटला. आम्ही निघालो तेव्हा हा नमस्कार घालत होता." पंच बाजूला जाऊन बोलू लागले. एकाचं मत मला बाद करावं असं दिसत होतं, एकाचं तसं नव्हतं. तिसरे ऐकत होते. मी मैलाच्या दगडावर बसून त्यांच्या चेहऱ्यांवरून निकाल वाचायचा प्रयत्न करत होतो. दोन वर्षं ज्या नंबरासाठी पळालो, तो हाताला लागला होता आणि अजून माझा झाला नव्हता.

एवढ्यात खडीचा एक ट्रक वर आला आणि त्यातून सासरे उतरले. जावई जिंकला का, हे पाहायला ते आले होते. काय चाललंय ते त्यांना दोघा-तिघांनी एकदम सांगितलं. ते ऐकत राहिले. मग पंचांकडे गेले.

"आडवलं न्हाई, सायेब. मान केला."

"आजोबा, शर्यतीत थांबवायचं नसतं," पंच म्हणाले. "कायद्याने यांचा नंबर जाऊ शकतो."

"त्येंचा? त्येंनी काय केलं? त्ये तर नगं म्हनत हुते."

सासरे मास्तरांकडे वळले. मास्तर त्यांच्या मुलाच्या वयाचे होते. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मास्तर, चुकी माजी हाय. त्येंच्यावर नगा काढू," ते म्हणाले आणि हात जोडू लागले.

आमच्याकडे मुलीच्या बापाला जावयापुढे वाकण्याची सवय असते. जावयासाठी तिऱ्हाइतापुढे, जावयाच्या डोळ्यांदेखत, बोडक्या डोक्याने वाकण्याची नसते. मास्तरही गोंधळून मागे सरकले, पण तक्रार मागे घेतो असं म्हणाले नाहीत. म्हणायचं त्यांना कारणही नव्हतं. त्यांनाही तोच नंबर हवा होता.

"मामा, टोपी घाला," मी म्हणालो. आणि पंचांना सांगितलं, "मला चौथा लिहा."

"आम्ही अजून ठरवलेलं नाही," पंच म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी काय ठरवलं असतं, ते मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही. त्यात उदारपणा नव्हता. समोर जे चाललं होतं ते मला आणखी थोडा वेळही पाहवत नव्हतं, आणि ते थांबवण्याचा दुसरा मार्ग सुचला नाही. मास्तर राज्याच्या शर्यतीला गेले. माझं नंतर जिल्ह्याच्या शर्यतीत पळणं झालं नाही.

खाली जाणाऱ्या एका ट्रकच्या हौद्यात आम्ही दोघं बसलो. तळवे सोलले होते म्हणून मी पाय उचलून धरले होते. सासरे बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्होरल्या साली कुठनं हाय रस्ता?"

"ठरलं नाही. का?"

"न्हाई. दुसऱ्या कुनाच्या गावावरनं घ्या म्हनावं," ते म्हणाले. "आमच्यानं तुमाला तसंच जाऊ देनं हुनार न्हाई."