गुळवेलीचा अर्क आणि बाबांचा पाय

बाबांचा अंगठा इतका दुखायचा की त्याच्यावरून वारा गेला तरी ते ओरडायचे. मी टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. त्यांची गिरणीतली नोकरी सुटून तीन वर्षं झाली होती, आई त्याच्याही आधी गेलेली. गोरेगावच्या आमच्या खोलीत आम्ही दोघंच.

"पांघरूण काढ गे, भार लागता," ते म्हणायचे. साध्या चादरीचा भार.

रक्त तपासल्यावर युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी दिलेल्या एका गोळीने जुलाब लागले, दुसरीने पोटातून रक्त गेलं. मग त्यांनी दोन्ही बंद केल्या आणि म्हणाले, "पथ्य पाळा. थोडं सहन करायला हवं." जन्मभर सुक्या बांगड्यावर जेवलेला माणूस मुकाट्याने दुधीची भाजी गिळू लागला. दुखणं तसंच.

मी तेव्हा अंधेरीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सहायक होते. योगायोग असा, की आमच्याकडे त्याच दिवसांत गुळवेलीवर काम सुरू झालं होतं. आरे कॉलनीतल्या पाड्यावरची एक बाई वेलीच्या मोळ्या आणून द्यायची. त्या कुटून, उकळून, आटवून आम्ही काळपट अर्क काढायचो. उंदरांच्या पायात सुजेचं द्रव्य टोचून सूज आणायची, निम्म्यांना अर्क पाजायचा, निम्म्यांना नुसतं डिंकाचं पाणी. मग एकेकाचा पाय पाऱ्याच्या नळीत बुडवून सूज मोजायची. उंदीर धरायचं काम माझं. अर्क प्यायलेल्यांची सूज उतरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्या दिवशी आनंदात मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

"सर, माझ्या वडिलांना देऊन बघू?" मी विचारलं.

आमचे साहेब मान वर न करता म्हणाले, "वेडी आहेस का? उंदराचं उंदराला. माणसाला किती द्यायचं, कोणाला माहीत आहे?"

शनिवारी ते जेवायला गेले तेव्हा मी कपाटातली एक बाटली पिशवीत टाकली. मला तेव्हा त्यात काही चूक वाटली नव्हती.

रविवारी सकाळी चमचाभर अर्क बाबांना दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण गिळला. अंगठ्याभोवती मी हलकेच दोरा गुंडाळून माप घेतलं. ते दात आवळून थरथरत होते. दुपारी पुन्हा मोजलं. तेवढंच. संध्याकाळीही तेवढंच.

"काय वाटतंय, बाबा?"

"बरा वाटता. कमी झाला गे."

दोरा माझ्या हातात होता. तरी मी म्हटलं, "खरंच?"

"खराच. तू जेव आता."

मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन चमचे दिले, मग तीन. डॉक्टरांकडे जायचा विचारही केला नाही. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी मी कामावरून लवकर आले. दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला. बाबा टॉवेल तोंडात कोंबून रडत होते. आता गुडघाही नारळाएवढा सुजलेला. मला बघून त्यांनी घाईघाईने टॉवेल काढला आणि हसायचा प्रयत्न केला.

"एवढे दिवस का नाही सांगितलंत?"

"तू किती आशेन बघी होतंस," ते म्हणाले. "तुका कसा सांगू?"

मी त्यांच्या उशाशी बसून ओरडले. त्यांच्यावर की माझ्यावर, आज सांगता येणार नाही.

शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवलं. टॅक्सीने वांद्र्याच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यातून ढगाळ पाणी काढलं, इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "आधी का नाही आणलंत? गोळ्या चालत नसल्या तरी उपाय असतात." मी अर्काचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि मूत्रपिंडाची तपासणी सांगितली. मूत्रपिंडं बिघडलेली निघाली. अर्काने की आजाराने, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा पाय टेकून उभे राहिले.

मी साहेबांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. नोकरी जाणार हे धरूनच गेले होते. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "किती दिलंस? रोज किती वाजता?"

मला उत्तर पाठ होतं. दोऱ्याची मापंसुद्धा. पण बाबांना त्यांच्या वहीत उंदरांच्या रांगेत बसवायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "लिहून नाही ठेवलं."

त्यांनी पेन बंद केलं. मला उंदरांवरून काढून काचसामान धुवायला बसवलं. बाबा आणखी चार वर्षं जगले, काठी घेऊन, बिनमिठाचं जेवून. त्या चार वर्षांत "कसं वाटतंय?" असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. नुसती पायाकडे बघायचे.