शालींनी धरलेली रांग

आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तुम्ही वेळेवर शेवटचे कधी पोचलात? राहू द्या, उत्तर नको. पत्रिकेवरची वेळ ही घरातून निघायची वेळ, हे शहाणपण आपण सगळ्यांनीच परदेशात येताना बॅगेत घालून आणलंय. त्याचा फटका कुणाला बसला, ते ऐका.

शैलजाकाकू राहतात नेपरव्हिलच्या थोडं पुढे, कालव्याकाठच्या गावात. नवरा गेल्यावर नागपूरचं घर आवरून त्या मुलाकडे आल्या. सकाळी शार्दूल ट्रेन पकडतो, सून गाडी काढते, नात शाळेच्या बसमध्ये चढते. मग दिवसभर घरात बोलतो तो एकटा डिशवॉशर. काकूंना ड्राइव्ह करता येत नाही. रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो कुत्र्यामागे धावणारा, आणि त्याच्याही कानात गाण्याची बोंडं.

म्हणून काकू कालव्याकाठी चालायला लागल्या. तिथे एक दगडी कोठार आहे, होड्यांतून धान्य यायचं त्या काळातलं. आता खिडक्यांना फळ्या, दाराला कुलूप, आणि पायथ्याशी वाहायचं विसरलेलं हिरवं पाणी. एका दुपारी फळीच्या फटीतून डोकावून त्या जोरात म्हणाल्या, "अगं बाई, केवढी जागा!" आतून त्यांचाच आवाज परत आला. दुपारी कुणीतरी उत्तर दिलं, याला किती दिवस झाले होते!

गाव तेव्हा कोठाराचं काय करायचं ते ठरवत होतं. एका बिल्डरला तिथे ऑफिसं हवी होती. काकूंना हवा होता दुपारचा कट्टा: चार बाकं, चहा आणि गाडी न चालवणाऱ्यांना घरून आणणारी एक व्हॅन. मग येणारा म्हातारा कुठल्या का देशाचा असेना. गावाच्या सभेला या म्हणून त्यांनी मंडळातल्या एकेकाला फोन केला. सगळ्यांचं उत्तर एकच, "काकू, नक्की!"

सभा सात वाजता होती. आपली जनता ओळखून काकूंनी सगळ्यांना सहा सांगितलं.

स्वतः मात्र लवकर जाऊन त्यांनी पुढची अख्खी रांग धरली. एका खुर्चीवर शाल, दुसरीवर स्वेटर, मग पर्स, मफलर, आणखी दोन शाली, थर्मास. गावकरी येत होते, विचारत होते. काकू म्हणत होत्या, "सॉरी, पीपल कमिंग." लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

सात वाजले आणि पहिलाच विषय निघाला कोठाराचा. काकू उठल्या. इंग्रजी अडखळलं, पण कट्टा समजावला. सभेच्या अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?"

काकूंनी मागे पाहिलं आणि खुर्च्यांकडे बोट केलं. शालीकडे, स्वेटरकडे, मफलरकडे. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"पुढच्या सभेत निर्णय घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा माणसं दिसली नाहीत, तर ऑफिसं."

काकू थर्मास काखेत धरून पार्किंगमध्ये आल्या, तेव्हा आपली मंडळी गाड्यांतून उतरत होती. मंडळाचा अध्यक्ष अंकुर चिवड्याचा डबा घेऊन पुढे आला. "काय यार काकू, संपलं पण? तुम्ही सहा म्हणालात म्हणजे खरे सात. आणि सातचं कुठे सातला सुरू होतं?"

"इथे होतं रे, बाबा," काकू म्हणाल्या.

गाडीतून घरी नेताना शार्दूल चिडून म्हणाला, "आई, नेक्स्ट टाइम सरळ खरा टाइम सांग ना!"

"सांगीन. पण तो खरा धरणार कोण?"

घरी पोचल्यावर त्यांनी शाली घड्या घालून दाराशीच ठेवल्या. पुढच्या सभेला लागतील म्हणून.

ती सभा येत्या मंगळवारी आहे, सात वाजता. सात म्हणजे सात. काकू पुन्हा रांग धरून बसतील. तुम्ही या. त्यांच्या शेजारची शाल उचला आणि त्या खुर्चीवर बसा.