डझनावरची बांगडी

परवा एका दुकानात प्लास्टिकच्या डबीत बंद केलेल्या काचेच्या बांगड्या दिसल्या. डबीवर ‘एक डझन’ असे छापले होते आणि आत नेमक्या बाराच होत्या. माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, देवळाली कॅम्पात आमच्या घरी येणाऱ्या कासारणीचा डझन मात्र बारावर संपत नसे. बारा भरून झाल्या की ती स्वतःच्या खुशीने आणखी एक भरत असे.

अशाच एका दुपारी ती आली आणि माझे दोन्ही हात भरून झाले. साबणाच्या पाण्याने मनगटे अजून ओली होती. ती वरची, तेरावी बांगडी चिमटीत धरून कासारीण माझ्याऐवजी मागे बसलेल्या मावशीकडे वळली. मावशीचे यजमान लष्करात होते. ते वारल्यापासून तिचे हात मोकळेच होते.

“ताई, हात द्या.”

“अहो, तिला नाही चालत,” आई हलक्या आवाजात म्हणाली.

“तुमचा डझन झाला ना बाई? वरची माझी हाय. मी कुनाला बी भरीन.”

माझ्या हक्काची बांगडी गेली, एवढेच मला तेव्हा कळले. आज आठवते ती, कुणी पाहत तर नाही ना म्हणून दाराकडे गेलेली आईची नजर आणि पदराखाली लपवलेला मावशीचा हात. मग तो हात सावकाश पुढे आला.

“जरा सैल घालू का?” कासारणीने विचारले.

“नको,” मावशी म्हणाली. “घट्टच भरा. कुणाला सहज काढता यायला नको.”