बायोआत्यांचा खारा पाहुणचार

हसणार नाही असं आधी वचन द्या, मग सांगतो. जाऊ दे, देऊच नका. पाळता येणार नाही तुम्हाला!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. अंबरनाथ पश्चिमेला आमचं नवं बिऱ्हाड. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकताच चिकटलेला. बायको सुमती अलिबागेकडची, मागचं दार उघडलं की समुद्र. इथे दार उघडलं की काय, तर धुराडं! बिचारी तक्रार करायची नाही, पण संध्याकाळी गॅलरीत उभी राहून वाऱ्यात खारा वास शोधायची. मला बघवायचं नाही हो!

दिवाळसणाला गेलो तेव्हा सासऱ्यांपुढे छाती काढून म्हणालो, "नाना, हिच्यासाठी समुद्रच घेऊन जातो!"

आणि नेला की! रॉकेलचा डबा घासून त्यात समुद्राचं पाणी, आणि खडकांवरून वेचलेल्या चार गोगलगायी.

"जपा हो," नाना म्हणाले. "महिन्याभराने येतो बघायला."

कारखान्यात मोडीत निघालेली एक काचेची पेटी आणली. तळाला रेती, वर शेवाळलेले दगड. सुमतीने चौघींना माहेरच्या आत्यांची नावं दिली. सगळ्यांत लठ्ठ ती बायोआत्या. सुमती पोळ्या लाटताना तिच्याशी गप्पा मारायची. घरात हसू आलं, आणखी काय पाहिजे?

पेटी ठेवली उन्हाच्या खिडकीत. पाणी हळूहळू खाली जायला लागलं. आता मी पडलो शास्त्राचा माणूस! खारं पाणी कमी झालं, म्हणजे खारंच भरायला हवं, नाही का? मीठ मोजायचो, पाण्यात विरघळवायचो आणि पेटीत ओतायचो.

दोन आठवड्यांनी चारही आत्या काच चढून पाण्याबाहेर येऊन बसल्या.

"अहो, यांना काय होतंय?"

"समुद्राची आठवण येतेय. पाणी अळणी लागत असणार!"

मी त्यांना परत आत ढकललं, वर फडकं बांधलं आणि मूठभर मीठ टाकलं. आत्या पुन्हा वर. मीठ पुन्हा आत. शेवटी घरातलं मीठ संपलं, म्हणून उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या सिंधी वाण्याकडे गेलो.

"साईं, इतना नमक? अचार डालना है क्या?"

"समुंदर बनाना है!" मी ऐटीत म्हटलं. त्याने मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि पुडा बांधला.

नानांचं पत्र आलं, रविवारी येतो. आणि शनिवारी सकाळी बघतो तर चारही आत्या तळाशी, शंखांची दारं लावून निपचित!

"माझ्या बायोआत्या गेल्या हो!" सुमतीने रडायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरले.

रडता रडता तिने पेटीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि रडणं एकदम थांबलं.

"अहो, हे तुम्ही एकदा तरी चाखलंत?"

"चाखायचं काय त्यात? आपल्याकडे नैवेद्याआधी कुणी चाखतं का?"

"गोगलगायींचा नैवेद्य कुठल्या देवाला दाखवणार होतात? मुरायला घातल्यात तुम्ही त्या! अहो, उन्हाने पाणी उडतं, मीठ उडतं का? आमच्याकडे मिठागरात दुसरं काय करतात?"

तिने अर्धं पाणी काढून टाकलं. मग आमटी खारट झाल्यावर करावं तसं, दिवसभर थोडं थोडं विहिरीचं गोडं पाणी घालत राहिली. आम्ही दोघं पेटीसमोर बसून. जेवायची शुद्ध कुणाला?

दिवेलागणीला बायोआत्यांचं दार किलकिलं झालं. एक शिंग बाहेर आलं. सुमतीने माझा हात घट्ट धरला, आणि मी, सांगायला लाज कसली, बायोआत्यांना नमस्कार केला!

रविवारी नाना आले. चारही आत्या दगडांवर फिरत होत्या.

"वा जावईबापू, छान जपलंत! बरं, कारखान्यात नेमकं काम काय तुमचं?"

मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"बॉयलरमधलं पाणी उडून उडून, उरलेलं फार खारट तर झालं नाही ना, ते रोज तपासतात हो नाना!"