शुक्रवारची चाल

ह्यांचं नाव राघवेंद्रराव. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, पण ह्यांच्या हाताला तलवार काही लागली नाही, गिटार लागली. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजातल्या तिघांना घेऊन रॉक अँड रोल वाजवायचे. पुढं केस वाढवून बेंगळूरच्या हॉटेलांत कान फाटतील असलं रॉक वाजवलं, ते अगदी परवापरवापर्यंत. मी कधी ऐकायला गेले नाही. शनिवार ह्यांचा, शुक्रवार माझा, असं आमचं चाललं होतं.

ह्यांच्या शनिवारातून माझ्या शुक्रवारात एकच गोष्ट आली. आमची यशस्विनी चार वर्षांची असताना तापानं नऊ दिवस दवाखान्यात होती. मी चामुंडीला नवस बोलले, पोर उठू दे, तुझ्यासाठी नवं भजन करीन आणि दर शुक्रवारी म्हणेन. शब्द मी लिहिले. हे त्या दिवशी पायऱ्या चढून तिच्या डोंगरावर जाऊन आले आणि म्हणाले, "चाल मिळाली. नंदीपाशी बसलो होतो, आपोआप आली." दुसऱ्या दिवशी ताप उतरला.

तेव्हापासून सव्वीस वर्षं म्हैसूरच्या अग्रहारातली आमची भजनी मंडळी त्याच चालीनं सुरुवात करते. टाळी मात्र इतरांसारखी पहिल्या मात्रेवर नाही, दुसरीवर. ती ह्यांनीच बसवून घेतली. "देवी डोंगर उतरते तेव्हा पैंजण दुसऱ्या पावलाला वाजतं," असं बायकांना सांगितलं. दर नवरात्रात मंडळी ह्यांना शाल देते, हे मान खाली घालून घेतात.

यंदा सत्तरी लागली आणि ह्यांनी जाहीर केलं, आता गोंगाट पुरे, जिथून सुरुवात केली तेच वाजवायचं. देवराज मोहल्ल्याजवळच्या एका हॉलात रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. "ह्या वेळी तरी ये," म्हणाले. मी मंडळीतल्या जयवंतीला घेऊन गेले. ह्यांनी सुरेख वाजवलं, खोटं कशाला लिहू. मधेच घाम पुसत माइकपाशी आले. "हे माझं पहिलं गाणं. चौऱ्याहत्तर सालातलं. माझ्या जावा मोटरसायकलवर केलेलं."

शब्द इंग्रजी होते. पण माझे हात आपणहून वर आले आणि दुसऱ्या मात्रेवर टाळी पडली. सगळा हॉल तिथंच टाळी देत होता.

जयवंती माझ्याकडं वळली. "रुक्मिणक्का, हे आपलं नव्हे काय?"

"तसंच काहीतरी असेल."

"तसंच कुठलं, तेच की. म्हणजे मी सव्वीस वर्षं मोटरसायकलला ओवाळतेय म्हणायचं." तिला हसू आवरेना.

घरी आल्यावर हे बुटांचे बंद सोडत होते, तेव्हा मी विषय काढला.

"नंदीपाशी आली म्हणालात."

"आठवली नंदीपाशी. त्यात खोटं काय?"

"आपोआप आली म्हणालात."

"अगं, पोर तशी पडलेली. तुला चाल हवी होती, माझ्याकडं होती ती दिली. अष्टे, एवढंच."

"आणि पैंजण?"

ह्यांनी दुसरा बूट ओढून काढला. "बायकांना टाळी बसत नव्हती, म्हणून."

"शाली घेतल्यात."

"नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. चांगली चाल आहे गं ती. मी केलेली सगळ्यात चांगली. नुसती पडून होती."

हे तेवढं मनापासून बोलले, आणि तेच जास्त लागलं. ताप उतरला त्या दिवशी मी ह्यांच्या पाया पडले होते. तेव्हाही हे काही बोलले नव्हते.

नवस मोडवत नव्हता, आणि मोटरसायकलचं गाणं देवीपुढं म्हणवत नव्हतं. मग सासूबाईंच्या एका आरतीच्या चालीत मी माझे शब्द बसवले, चार दिवस स्वयंपाक करता करता घोकले. काल शुक्रवारी मंडळीत तसंच म्हणायला घेतलं. पहिली ओळ बायकांनी ऐकून घेतली. दुसऱ्या ओळीला सगळ्या ह्यांच्या चालीत गेल्या. मुद्दाम कुणी नाही. जयवंतीसुद्धा, डोळे मिटून.

मी थांबले. त्या म्हणत राहिल्या.

नंतर कापूर लावताना मी देवीकडं पाहिलं. तिला पहिल्या शुक्रवारपासून ठाऊक होतं. सव्वीस वर्षं दोघांनी मिळून मला सांगितलं नाही.