सिग्नल हिरवा झाला तेव्हा मी नागपुरात होतो

मंडळी, आज इथे अमेरिकेत, रेडमंडच्या पावसात मुलीला गाडीतून शाळेतून आणत होतो. वर्गात वाचलेली एक विनोदी गोष्ट ती हसत सांगत होती. त्यातला नवरा गाडी चालवताना दिवास्वप्नांत हरवतो.

"बाबा, ग्रीन! गो!" ती एकदम ओरडली. मागे हॉर्न वाजत होते.

"यू आर जस्ट लाइक हिम! व्हेअर वर यू?"

"कुठे नाही गं," मी म्हणालो.

मी नागपूरच्या हॉस्पिटलात होतो. दोन वर्षांपूर्वी माझे वडील, अण्णा, तिथे गेले तेव्हा व्हिसाच्या भानगडीमुळे मी पोचू शकलो नाही. तेव्हापासून मनातल्या मनात रोज वेळेवर पोचतो. अण्णा डोळे उघडून म्हणतात, "आलास?"

आज त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

स्वप्न तर मीच रचतो. मग हे शब्द कुणाचे? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का?