गच्चीवर जायच्या वेळा

दुबईच्या 'बर दुबई' भागात राहत असताना आमची दहावीतली मुलगी संध्याकाळी गच्चीवर जायची. अवकाश स्थानक बघते म्हणायची. त्यात माणसं सहा-सहा महिने मुक्काम करतात आणि ते आपल्या डोक्यावरून जातं. जायची वेळ मात्र रोज वेगळी. वर तिला कुणीतरी भेटतं, असा मला संशय आला.

ती जाताना दार वाजलं की मी ओट्याजवळच्या वहीत वेळ टिपायची. आठवड्याने मी त्या वेळा, तिने नेटवरून छापून आणलेल्या स्थानकाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या. एकही वेळ जुळेना.

"कागदावर पावणेसात आणि तू गेलीस सव्वाआठला," मी वही पुढे केली. "स्थानक तुझ्यासाठी थांबलं होतं का?"

तिने वही पाहिली, मग ओट्यावरचं घड्याळ. "आई, दॅट्स इंडिया टाइम."

पुण्याला फोन करायला सोयीचं म्हणून ते मीच दीड तास पुढे लावलं होतं.

"यू वेअर स्पायिंग ऑन मी," म्हणत ती वर गेली. मागोमाग मीही गेले. पोचल्याबरोबर आधी पाण्याच्या टाकीमागे डोकावले. तिथे कुणी नव्हतं, पण मी डोकावलेलं तिला दिसलं. आकाशात कुठे बघायचं, ते तिने मला सांगितलं नाही.